पांढरं भांडं

आमच्या गावात काही दुखण्यांना नाव होतं आणि काही दुखण्यांना नुसती दिशा. ताप, खोकला, खरूज, दमा ही नावाची दुखणी. ती ओट्यावर बसून सांगता येत. पण कमरेखालचं काही असलं की माणूस मान खाली घालून एवढंच म्हणायचा, "खाली तरास हाय." ऐकणारा पुढं विचारत नसे. फारच जवळचा असला तर विचारी, "रगत जाते का?" मग उत्तर यायचं, "जाते कधीमधी. गर्मी हाय अंगात." गर्मी म्हटलं की विषय संपला. ताक प्या, सुरण खा, तर्री बंद करा.

काटोल-नरखेडचा हा संत्र्याचा पट्टा. जमीन काळी, पाणी खोल, आणि जेवणात तिखट भरपूर. त्यामुळं खालून रक्त गेलं की दोष पहिल्यांदा मिरचीवर यायचा. भिवापूरची मिरची आमच्या नागपूर जिल्ह्याचीच, आणि सावजी रश्श्यावर तरंगणारी लाल तर्री ही इथली शान. लाल खाल्लं म्हणून लाल पडलं, असा गावाचा सरळ हिशेब. औषधंही त्याच हिशेबाची होती. आजी काळे तीळ वाटून लोण्यात द्यायची. कोणी बोटात मुळव्याधीची अंगठी घालायचं. सुरण तर घरोघरी. पुढं एका वैद्यांकडून कळलं की संस्कृतात सुरणाला अर्शोघ्न असंच नाव आहे, म्हणजे मुळव्याधीचा नाश करणारा; आणि सुश्रुतानं मुळव्याधीवर औषध, क्षार, डाग आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. म्हणजे हे दुखणं जुनं, आणि त्याच्यावरची अक्कलही जुनी. गावाचं सगळंच चुकत होतं असं नाही. चुकत होतं ते एकाच ठिकाणी. खालून रक्त गेलं म्हणजे मुळव्याध, हे गावानं ठरवून टाकलं होतं. आणि मुळव्याधीनं माणूस मरत नाही, हेही ठरवून टाकलं होतं.

दुसरी गोष्ट अशी की रक्त कोणाला दिसतच नसे. पुरुष पहाटे डबा घेऊन नाल्याकडं जायचे. बाया त्याच्याही आधी, अंधारात, नाहीतर मग दिवेलागणीनंतर रस्त्याच्या कडेला. काळ्या मातीवर काय पडलं ते अंधारात कोण पाहणार? ज्याचं त्याला थोडंफार कळत असेल, तेही पाणी घेताना हाताला लागलं तर. पायात चपला नसलेली लेकरं त्याच नाल्यावरून फिरायची. आमच्या वर्गात दोन-तीन पोरं कायम पांढरीफटक असत. माती खायची, धापा टाकायची. त्यांचंही रक्तच जात होतं, पण ते दिसणारं नव्हतं. घाण मिसळलेल्या ओल्या मातीतून आकडीचे जंत तळपायाच्या कातडीतून आत शिरतात, आतड्याला चिकटून बसतात आणि रोज थोडं थोडं रक्त पितात. २०१५ पासून शाळाशाळांतून जंताची गोळी द्यायचा दिवस पाळतात, त्यामागं ही पांढरीफटक पोरं आहेत. आमच्या वेळी मास्तर त्यांना आळशी म्हणायचे.

आमच्या घरी संडास बांधला गेला तो २०१५ च्या उन्हाळ्यात. स्वच्छ भारतचे बारा हजार मिळणार होते, ग्रामपंचायतीचा तगादा होता, आणि मायचे गुडघे आता नाल्यापर्यंत जायला तयार नव्हते. बाबांचा विरोध होता. "घरातच हगाचं अन् घरातच जेवाचं?" असं ते महिनाभर म्हणत राहिले. शेवटी गोठ्यामागं चार भिंती, वर पत्रा आणि मध्ये पांढरं शुभ्र भांडं बसलं. मायला त्या भांड्याचं भारी कौतुक. रोज सकाळी खराटा आणि पावडर घेऊन ते घासायची.

त्या पांढऱ्या भांड्यात तिला रक्त दिसलं.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, कोणी पान खाऊन थुंकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तिनं पाळत ठेवली. सूनबाई गेली, आली, भांडं साफ. मी गेलो, आलो, साफ. बाबा गेले, आले, आणि भांड्याच्या कडेला लाल धार. तिनं त्यांना काही विचारलं नाही. मी शाळेतून आलो तसा मला गोठ्याशी बोलावलं आणि म्हणाली, "बापू, तुह्या बाबाले रगत जाऊन राहिलं. थोडं नाई, लय. तू इचार. मले सांगनार नाई ते."

बाबांना विचारलं तर आधी रागावले, मग म्हणाले, "मुयव्याध हाय. सात-आठ महिने झाले. दवा चालू हाय."

दवा म्हणजे काय ते मग हळूहळू बाहेर आलं. गेल्या दिवाळीच्या सुमारास, आंबिया बहाराची तोडणी चालू असताना, पहिल्यांदा रक्त दिसलं. आठवडी बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून पुड्या घेतल्या. मग औषधाच्या दुकानातून गोळ्या आणि मलम. त्यानंतर बाजूच्या गावात एक जण बसायचा, त्याच्या पाटीवर ‘मुळव्याध, भगंदर, एका इंजेक्शनात मुळासकट, बिना ऑपरेशन’ असं लिहिलं होतं. त्यानं तीन इंजेक्शनं दिली आणि साडेतीन हजार घेतले. मी विचारलं, "त्यानं तपासलं का?"

"तपासाचं काय त्याच्यात? म्या सांगतलं न त्याले."

तिघांनी औषध दिलं होतं, पण तिघांपैकी एकानंही जागा पाहिली नव्हती. बाबांनी सांगितलं मुळव्याध, त्यांनी दिली मुळव्याधीची दवा. रोगाचं नाव रोग्यानंच ठेवलं होतं.

तरी आता पाहायला लागलो तर दुसऱ्या खुणाही दिसू लागल्या. बाबांचं धोतर पूर्वीपेक्षा एक वेढा जास्त घेत होतं. बगिच्यातल्या विहिरीपासून घरापर्यंत येताना ते दोनदा बसत. सकाळी एकदा जाणारा माणूस आता चार-पाचदा जात होता, आणि दर वेळी "पोट साफ नाई झालं" म्हणत होता. आम्ही सगळे त्याला वय म्हणत होतो. तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते.

त्यांना ग्रामीण रुग्णालयात न्यायला आठ दिवस लागले. पेरणी, मग पाऊस, मग सोमवार, अशी कारणं निघत गेली. शेवटी माय म्हणाली, "तुमी नाई गेले तं मी सरपंचाले सांगतो का याइले रगत जाते म्हनून." त्या धमकीनं काम केलं. रोगापेक्षा सरपंचाला कळण्याची भीती मोठी होती.

तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. बाबांनी सवयीनं सांगून टाकलं, "मुयव्याध हाय, मॅडम. गोया लिहून द्या." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. रक्ताचा रंग लाल की काळा? संडाशीवर वरून पडतं की मिसळून येतं? शेंबडासारखं काही सोबत येतं का? दुखतं का, आणि कधी? वजन कमी झालं का? जाण्याची वेळ, खेपा बदलल्या का? घरात कोणाला आतड्याचा आजार होता का? सांध्यासाठी, पाठीसाठी गोळ्या घेता का? दारू? एवढे प्रश्न बाबांना सात महिन्यांत कोणी विचारले नव्हते. मग त्या म्हणाल्या, "बाबाजी, बोट घालून तपासावं लागेल."

बाबा उठून उभे राहिले. लेकीच्या वयाची पोर, आणि हे काय बोलते! त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमची गाय अडली तर डॉक्टर हात घालतात ना? तेव्हा तुम्ही शेपटी धरून उभे राहता की नाही?"

"राह्यतो."

"मग झालं. दोन मिनिटं."

खरंच दोन मिनिटं लागली. बाहेर येऊन त्यांनी हात धुतले आणि मला बाजूला घेतलं. आत एक कडक गाठ बोटाला लागत होती. मुळव्याध अशी कडक लागत नाही. त्याच दिवशी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ६.८ निघालं. पुरुषाचं ते तेराच्या वर असायला हवं, म्हणजे बाबा जवळजवळ अर्ध्या रक्तावर बगिचा सांभाळत होते. चिठ्ठीवर नागपूरच्या मेडिकलचं नाव लिहून त्या म्हणाल्या, "उद्याच जा. पुढच्या बाजारी नको."

आमच्या भागात मेडिकल म्हटलं की औषधाचं दुकानही होतं आणि नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. १९४७ साली सुरू झालेलं हे मोठं रुग्णालय. मेयो हे दुसरं. गावचा माणूस दोघांचंही नाव थोडं घाबरूनच घेतो, कारण तिथं नेलेली माणसं पुष्कळदा शेवटच्या घटकेला नेलेली असतात. मग तिथं गेलेला वाचत नाही अशी अफवा होते, आणि त्या अफवेमुळं पुढचा माणूस आणखी उशिरा जातो. आम्ही नरखेडहून पॅसेंजरनं निघालो. बाबा खिडकीशी बसून काटोलपासून कळमेश्वरपर्यंत दिसणाऱ्या प्रत्येक बगिच्याची झाडं मोजत होते.

मेडिकलच्या ओपीडीत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, पलीकडून छिंदवाडा, बालाघाट, सगळीकडची माणसं. रांगेत बसल्या बसल्या जे कानावर पडलं, त्यावरून मला पहिल्यांदा कळलं की ‘रगत जाते’ या दोन शब्दांत किती वेगवेगळे रोग लपलेले असतात. शेजारी बसलेल्या बाईला जाताना काच चिरल्यासारखं दुखायचं आणि कागदाला लागण्याएवढंच रक्त यायचं. तिला चीर होती, ज्याला डॉक्टर फिशर म्हणतात. एका मजुराला मुरडा येऊन आव आणि रक्त एकत्र पडत होतं, सोबत ताप. त्याच्या वस्तीतल्या विहिरीचं पाणी गढूळ झालं होतं. एका तरुण पोराला दोन वर्षांपासून रक्तमिश्रित जुलाब होते, त्याच्या मोठ्या आतड्यालाच सूज आली होती. आणि खरीखुरी मुळव्याध असलेलेही पुष्कळ होते. कुंथून कुंथून गुदद्वाराच्या शिरा फुगतात, जोर केला की लालभडक रक्त टपटपतं, कधी पिचकारी उडते, आणि पुष्कळदा दुखत काहीच नाही.

मिरचीचंही तिथंच कळलं. मिरचीनं आग होते, असलेली जखम चुरचुरते. पण मुळव्याध बहुतेक वेळा उभी राहते ती बद्धकोष्ठानं आणि जोर करण्यानं. पाणी कमी, ताटात भाजीपाला कमी. ज्वारीची भाकर जाऊन मैद्याची बिस्किटं आणि पॉलिशचा भात आला, त्याचा यात वाटा मोठा. आजीची अंबाडीची भाजी आणि भाकर हेच निम्मं औषध होतं, आणि तिला ते औषध आहे हे माहीतही नव्हतं.

बाबांची दुर्बिणीची तपासणी ठरली. आदल्या रात्री पावडर मिसळलेलं पाणी लिटरच्या लिटर प्यायचं, म्हणजे आतडं धुऊन निघतं. त्या रात्री बाबा दहा-बारा वेळा उठले. पहाटे पायरीवर बसून म्हणाले, "जनमभर पोट साफ नाई म्हनून रडलो. एका रातीत सारा हिशेब चुकता झाला." ते हसले, म्हणून मीही हसलो. दुर्बिणीतून गाठीचा तुकडा काढला, तो तपासायला गेला, पोटाचा स्कॅन झाला. आठ-दहा दिवसांनी कागद हातात आला. गुदाशयाचा कर्करोग. गाठ मोठी होती, खाली होती, पण लांब पसरली नव्हती.

"सात महिन्यांपूर्वी आले असते तर आणखी सोपं झालं असतं," डॉक्टर म्हणाले. "पण अजून वेळ गेलेली नाही."

बाजूच्या खाटेवर बालाघाटकडचा एक ट्रक चालवणारा होता. वय पस्तीसच्या आतबाहेर. दोन वर्षं बवासीर म्हणून ठिकठिकाणची दवा घेत फिरला होता. एवढ्या तरुण माणसाला दुसरं काही असेल असं कोणाच्याच मनात आलं नाही. त्याचा रोग यकृतात पोचला होता. एके सकाळी त्याची बायको लहान पोर कडेवर घेऊन, बोचकं बांधून, सगळ्यांना नमस्कार करत निघाली, आणि तो मागून भिंत धरत धरत चालत गेला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "त्याच्या घरी पांढरं भांडं नसन."

उपचार लांबलचक होते. आधी पाच आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, विकिरणाची शेक आणि सोबत गोळ्या. मग दोन महिने थांबायचं आणि मग ऑपरेशन. आमचं रेशनकार्ड केशरी होतं. तेव्हाच्या राजीव गांधी जीवनदायी योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचा खर्च मिळायचा. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना झालं. त्या कार्डानं ऑपरेशन आणि शेक निभावलं. पण नागपुरातली खोली, रोजचा ऑटो, बुडालेली मजुरी, पाण्यावाचून वाळलेली झाडं, यांना कोणत्याच कार्डात रकाना नसतो. एक गोऱ्हा विकला. मायच्या कानातलं गेलं. तिनं ते स्वतः काढून दिलं आणि म्हणाली, "कान काही वजनानं झुकत नाईत आता."

उपचारांच्या दिवसांत आम्ही एकदा मानेवाडा रस्त्यावरून जात होतो. राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचं कर्करोग रुग्णालय दिसलं तसे बाबा थांबले. तुकडोजी महाराज आमच्या घरचे. भिंतीवर त्यांचा फोटो, आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना हा बाबांचा नेम. १९६८ साली महाराजांनाही याच रोगानं नेलं, हे बाबांना ठाऊक होतं. ‘ग्रामगीते’त गावच्या आरोग्याबद्दल महाराजांनी किती सांगून ठेवलं आहे, हे ते दुसऱ्यांना समजावत. तिथं रस्त्यावरच हात जोडून ते म्हणाले, "आपन नुसतं म्हनत राह्यलो. वाचलं कुठं?"

खरी लढाई ऑपरेशनच्या आधीची होती. गाठ इतकी खाली होती की मार्ग कायमचा बंद करून पोटावर नवा मार्ग काढावा लागणार होता, आणि त्यावर पिशवी. हे ऐकल्यावर बाबांनी घरी चला असा हट्टच धरला. "पोटातून हगून जगाचं? त्याच्यापक्षा मेलेलं काय वाईट? पंगतीत कोन बसू देईन मले? भजनात कोन जवळ घेईन?" दोन दिवस ते भिंतीकडं तोंड करून निजले. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. शेवटी माय बोलली, आणि तीही थोडंच. "पोरं लहान होते तवा त्याइचं हगलं-मुतलं मी काढलं. तुमच्या मायचं काढलं, शेवटचे तीन वर्स. तुमचं काढाले मले लाज नाई. तुमालेच काहून?"

बाबांनी सही केली. म्हणजे अंगठ्याजवळ सही केली; त्यांचा हात थरथरत होता.

पिशवी कशी लावायची, भोक किती कापायचं, भोवतीची कातडी कशी कोरडी ठेवायची, हे वॉर्डातल्या सिस्टरनं मायला आणि त्यांना शिकवलं. पहिले दोन महिने घरात पिशवी फुगली की सगळे गप्प व्हायचे. मग नातू विचारायला लागला, "आबा, तुमची थैली भरली का?" आणि तो प्रश्न ‘आबा, चहा घेता का’ इतकाच साधा झाला. चार महिन्यांनी ते बगिच्यात गेले. फवारणीचा पंप पाठीवर घ्यायला मनाई होती, पण झाडाखाली उभं राहून गड्याला शिव्या द्यायला नव्हती. भजनात आधी ते दाराजवळ बसत. कोणी उठून गेलं नाही, तसे हळूहळू पेटीजवळ सरकले.

त्यानंतर बाबा सहा वर्षं जगले. गेले ते हृदयाच्या झटक्यानं, २०२२ च्या हिवाळ्यात. पण त्या सहा वर्षांत त्यांनी जे केलं ते आमच्या पंचक्रोशीत आधी कोणी केलं नव्हतं. ते बोलले. पारावर, लग्नात, एसटीच्या थांब्यावर, कोणी पोटावर हात फिरवताना दिसला की सरळ विचारत, "रगत दिसते का रे?" माणूस संकोचला तर शर्ट वर करून पिशवी दाखवत. "हे पाय. लाजून राह्यलो म्हनून हे आलं."

त्या बोलण्यामुळंच मोठी आई वाचली. तिचे गुडघे धरलेले. कापूस वेचणीच्या दिवसांत किराणा दुकानातून सुट्या दुखणाऱ्या गोळ्या आणायची, उपाशीपोटीही घ्यायची. एक दिवस तिला घेरी आली आणि तिनं सहज सांगितलं, "दोन दिवसापासून डांबरासारखं काळं जाऊन राहिलं." घरच्यांना वाटलं, दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्यांनी होत असेल. लोहाच्या गोळ्यांनी काळं होतं हे खरं. पण ते डांबरासारखं चिकट आणि विलक्षण घाण वासाचं नसतं. काळं रक्त वरून येतं. जठरातून निघालेलं रक्त आतड्याच्या वाटेत पचतं आणि काळं पडतं, हे बाबांनी मेडिकलमध्ये ऐकून ठेवलं होतं. १०८ ची गाडी बोलावली. गाडीत तिला उलटी झाली, कॉफीच्या चोथ्यासारखी. नागपुरात तोंडातून दुर्बीण घातली तर जठरात जखम, दुखणाऱ्या गोळ्यांनी झालेली. तिथंच रक्त थांबवलं. गावात मोहाची दारू पिणारेही असेच काळं टाकतात किंवा रक्ताच्या गुळण्या करतात. यकृत कडक होऊन अन्ननलिकेच्या शिरा फुगतात आणि फुटतात. अशा वेळी ताक, तीळ, सुरण यांची वाट पाहायची नसते. घेरी, घाम, काळं किंवा भरभरून रक्त, म्हणजे लगेच गाडी.

भाच्याच्या चार वर्षांच्या मुलीचं वेगळंच. हसत-खेळत असलेली पोर, दुखणं काही नाही, आणि संडाशीबरोबर लाल थेंब. घरात रडारड सुरू झाली, की आबाचा रोग हिला लागला. तो असा लागत नसतो. नागपुरात बालरुग्णांच्या डॉक्टरांनी पाहिलं तर आतड्यात देठावर लोंबणारी छोटी गाठ निघाली. लहान मुलांत ती सापडते आणि बहुधा साधीच असते. दुर्बिणीनं देठापाशी कापून काढली, दुसऱ्या दिवशी पोर घरी. मात्र त्याच वेळी बाबांच्या डॉक्टरांनी मला आणि माझ्या भावाला बोलावून आमचीही तपासणी केली. आईबापांपैकी कोणाला हा रोग झाला असेल तर मुलांनी त्रास नसतानाही वेळेत दुर्बीण करून घ्यावी, असं त्यांनी सांगितलं. मी ती पावडर प्यालो तेव्हा बाबा शेजारी बसून खेपा मोजत होते.

बाबा गेल्यावर वाटलं होतं, हे विचारणं आता थांबेल. थांबलं नाही. लोक आमच्या ओट्यावर येतात. पुरुष माझ्याशी बोलतात. बाया मायला आत नेतात, दार लोटतात. मी डॉक्टर नाही, माय तर चौथी शिकलेली. आम्ही कोणाला औषध सांगत नाही, रोगाचं नावही सांगत नाही. माय फक्त विचारते, "कोनी तपासलं का?" उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं. मग ती सोबत जाते.

गेल्या पावसाळ्यात शेजारची नवी सून आली. बाळंत होऊन तीन महिने झालेले. जाताना रडू यायचं इतकं दुखायचं, आणि भांड्यात रक्त. तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. रात्र रात्र जागून, आपल्यालाही त्या आबांसारखंच झालं, आपलं लेकरू आईविना राहणार, असा हिशेब तिनं मनातल्या मनात करून ठेवला होता. माय तिला घेऊन काटोलला गेली. तपासलं तर साधी चीर. मलम, कोमट पाण्यात बसायचं, पाणी भरपूर प्यायचं आणि रात्री इसबगोल. महिन्यानं पुन्हा दाखवायला सांगितलं. परत येताना बसमधून उतरून ती पोर रस्त्यावरच मायच्या गळ्यात पडून रडली आणि मग तशीच हसायला लागली. तिच्या पिशवीत इसबगोलचं पाकीट होतं. माय म्हणाली, "बहुतेकाइचं असंच निंघते, बाई. पन कोनाचं असं अन् कोनाचं तसं, हे घरी बसून समजत नाई."